तुपातली खुमानी

खुमानी झाडावर पिकली की तुमच्यासाठी फार तर दोन दिवस थांबते. पहिल्या दिवशी ती अंगठ्याखाली किंचित दबते, दुसऱ्या दिवशी तिला वास सुटतो आणि तिसऱ्या दिवशी ती टोपलीच्या तळाशी पाणी सोडून बसते. म्हणून तर पुण्या-मुंबईच्या बाजारात ताजी खुमानी क्वचितच दिसते. आपली ओळख तिच्या सुकलेल्या रूपाशी, म्हणजे जर्दाळूशी. दिवाळीत कुणीतरी दिलेल्या सुक्या मेव्याच्या डब्यात तो बदाम-मनुकांच्या शेजारी असतो. मुलं वरचा गर चघळतात आणि आतली बी दगडानं फोडून तिच्यातला इवलासा बदाम काढून खातात. मीही लहानपणी तेच करत असे. हे फळ ताजं मिळतं, आणि तुपात गरम करून खाल्लं तर त्याच्यासारखं दुसरं गोड नाही, हे मला वयाच्या तेहतिसाव्या वर्षी कळलं, राणीखेतला. मला एकटीला नाही, माझ्या सासूबाईंना आणि मला एकाच संध्याकाळी.

ह्यांची नोकरी लष्कराच्या बांधकाम खात्यात, त्यामुळे दर तीन वर्षांनी बिऱ्हाड पाठीवर. १९९४ च्या मार्चमध्ये पुण्याहून राणीखेतला बदली झाली. ते तेव्हा उत्तर प्रदेशात होतं. वेगळं पहाडी राज्य झालं ते २००० साली. काठगोदामला रेल्वे संपते. तिथून पुढे भवाली, गरमपानी, खैरना असं करत गाडी डोंगर चढते, उतरते आणि पुन्हा चढते. आमची लेक सात वर्षांची होती, ती प्रत्येक वळणाला ओकत होती. गाव साधारण सहा हजार फुटांवर. इंग्रजांनी १८६९ साली वसवलेली छावणी, कुमाऊँ रेजिमेंटचं केंद्र, सगळीकडे चीड आणि देवदार, आणि जवळच चौबटियाच्या सरकारी फळबागा. आम्हाला मिळालेलं घरही जुनं, लाल पत्र्याच्या छपराचं. मागच्या अंगणात एक वाकडं झाड होतं. त्याच्यावर पान एकही नव्हतं, नुसती फिकट गुलाबी फुलं.

"खुमानी है, मेमसाब," सामान उतरवणारा शिपाई म्हणाला. मी हो म्हटलं आणि खोकी मोजायला लागले.

सासूबाई आमच्याबरोबरच होत्या. त्यांना पुण्यात एकटं ठेवायला ह्यांचं मन धजेना, आणि खरं सांगायचं तर त्यांना बरोबर न्यायला माझं मन धजत नव्हतं. त्याचं कारण मी ह्यांनाही सांगितलं नव्हतं. आज सांगते.

माझे सासरे मे १९९२ मध्ये गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. सासूबाई मूळच्या देवगडकडच्या. माहेरी हापूसची कलमं, त्यामुळे दर वर्षी भावाकडून पेट्या यायच्या. त्या घरात आंबा नुसता खाल्ला जात नसे, त्याची सरबराई होत असे. सासरे मागच्या खोलीत पेंढा पसरून आढी लावायचे. सासूबाई रोज सकाळी पारोशानं तिथे जायच्या नाहीत. आंघोळ करून, देवघरात जावं तशा जायच्या. हाताला लागेल तो आंबा नाकाशी धरून "हा उद्याचा, हा परवाचा" असं सांगायच्या आणि त्यांचा अंदाज कधी चुकलेला मी पाहिला नाही.

सासरे गेले त्या वर्षीच्या पितृपंधरवड्यात त्या भावाबरोबर काशी-गयेला जाऊन आल्या. गयेला अक्षय्यवटाखाली आवडीची एखादी वस्तू सोडायची रीत आहे, हे तुम्हाला ठाऊक असेल. पुष्कळ लोक यात हुशारी करतात. कुणी पडवळ सोडतं, कुणी कारलं, आमच्या एका आत्यांनी तर आयुष्यात कधी न चाखलेलं रामफळ सोडलं होतं. सासूबाईंनी आंबा सोडला. पिकलेला, कच्चा, लोणचं, पन्हं, साठं, सगळं. आल्यावर एवढंच म्हणाल्या, "माझ्यासाठी आता काढून ठेवत जाऊ नका."

पुढचा उन्हाळा आला तोवर त्या निम्म्या झाल्या होत्या. दोन घास भात, वाटीभर ताक. मला त्यांची काळजी होती हे खरं, पण त्या काळजीत माझ्या शहाणपणाचाही वाटा मोठा होता. मी वनस्पतिशास्त्राची पदवीधर. ज्या नेमानं माणूस वाळत चाललंय तो नेम कसला, असं माझं ठाम मत. एका रविवारी मी शिरा केला. रवा साजूक तुपात खमंग भाजला, भरपूर केशर घातलं आणि केशराच्या आड अर्धी वाटी आमरस. वासाला वेलदोडा होताच. वाटलं, नकळत चार घास पोटात जातील, चव आवडेल, मग हळूहळू सांगू.

सासूबाईंनी पहिला घास तोंडात घेतला आणि त्या थांबल्या. आंबा नुसता हुंगून कधी पिकणार ते सांगणाऱ्या बाईला मी केशरानं फसवायला निघाले होते. त्या उठल्या, मोरीत गेल्या, तोंड धुतलं. परत येऊन ताटाला नमस्कार केला आणि ताटली झाकून ठेवली. ह्यांनी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाल्या, "काही नाही, ठसका लागला."

रागावल्या असत्या तर मला सोसवलं असतं. त्यांनी नवऱ्याच्या मागे धरलेला एकुलता एक नेम मी मोडला होता आणि त्यांनी माझं नाव मुलाला सांगितलं नाही. फक्त त्या दिवसापासून त्या मी केलेला कुठलाही मिसळलेला पदार्थ खाईनाशा झाल्या. भात, वरण, भाकरी, डोळ्यांसमोर चिरलेली भाजी, एवढंच. शिरा नको, खीर नको, चटणीसुद्धा नको. ह्यांना वाटायचं, वय झालं. मी मान डोलवायची.

राणीखेतलाही तेच चालू राहिलं. त्या व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत शाल घेऊन बसायच्या. मे महिन्यात चिडाच्या जंगलांना वणवे लागतात. वाळलेल्या सुयांचा, पहाडी लोक ज्याला पिरूल म्हणतात त्याचा, जाड थर जमिनीवर असतो आणि तो भुरुभुरु पेटत जातो. महिनाभर हवेत धूर, समोरचा हिमालय दिसेना. लेकीची शाळा मात्र सुरूच, कारण पहाडातल्या शाळांना मोठी सुटी थंडीत. दिवसभर घरात आम्ही दोघीच, आणि आमच्यात काही बोलणं नाही.

शेजारी एक म्हाताऱ्या बाई राहत. कुमाऊँनीत आईला इजा म्हणतात, आणि सगळा मोहल्ला त्यांना इजाच म्हणे. त्यांच्या यजमानांनी तीस वर्षं छावणीतल्या एका मेसच्या स्वयंपाकघरात काढली होती. जूनच्या सुरुवातीला इजा पहिल्या पिकलेल्या दहा-बारा खुमानी घेऊन आल्या. त्यांच्या घरी हे फळ बहुधा नुसतंच खात, फार तर पाट्यावर वाटलेल्या लसूण-मिरची-मिठाबरोबर. मी चाखून पाहिलं. मऊ, रसाळ, आधी गोड आणि मागाहून सालीपाशी आंबट. माझ्यातली सुगरण जागी झाली. दूध आटवायला ठेवलं, खुमानीचा गर कुस्करून त्या गरम दुधात घातला आणि पाहता पाहता सगळं पातेलं फाटलं. पिवळ्या पाण्यात पांढऱ्या गुठळ्या.

सासूबाई पाणी प्यायला आत आल्या होत्या. पातेल्यात डोकावून म्हणाल्या, "आंबट फळ आणि गरम दूध. तुला कुणी शिकवलं?"

वर्षभरात स्वयंपाकाविषयी त्या माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मला हसू आलं आणि रडूही. त्या मात्र पाणी पिऊन परत खुर्चीत जाऊन बसल्या.

त्यानंतर आठवड्याभरातच ती गारपीट झाली. दुपारी दोनच्या सुमाराला आभाळ एकदम काळं झालं आणि पत्र्यावर कुणी खडीचा ट्रक रिकामा करावा तसा आवाज सुरू झाला. दहा मिनिटांत अंगण पांढरं. गारा थांबल्या तेव्हा आमच्या झाडाखाली खुमानींचा सडा पडला होता. अर्धीअधिक फुटलेली, कुठे डाग, कुठे खोक. वणव्याचा धूर मात्र धुऊन निघाला होता आणि समोर त्रिशूळ इतका जवळ दिसत होता की हात लावावा.

इजा कुंपणावरून ओरडल्या, "बहू, उठा लो! आज ही चूल्हे पर चढ़ा दो, कल तक कुछ नहीं बचेगा!"

मी टोपली शोधत होते. बाहेर आले तर सासूबाई माझ्या आधीच अंगणात. पायात चप्पल नाही, शाल खुर्चीत टाकलेली, नऊवारीचा ओचा केलेला आणि त्या गारांतून वाकून वाकून खुमानी वेचताहेत. "आई, पाय गारठतील," मी म्हटलं. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. "परात आण," म्हणाल्या. "टोपलीत खालची चेंगरतील."

परातभर फळं घेऊन आम्ही स्वयंपाकघरात आलो. इजाही आल्या. त्यांनी सांगितलं ते सोपं होतं. त्यांचे यजमान मेसमध्ये साहेबांसाठी ही फळं साखरपाण्यात शिजवून वर कस्टर्ड घालून देत. इजांना ते पाणचट वाटे. त्यांनी घरी पाणी काढून टाकलं आणि तूप आणलं. मी कढई घ्यायला गेले तर इजांनी हात धरला. माझी कढई अ‍ॅल्युमिनियमची होती. आंबट फळ तिच्यात शिजवलं की धातूची चव उतरते. शेवटी स्टीलचं पसरट, जाड बुडाचं पातेलं निघालं.

खुमानीला एका बाजूनं देठापासून टोकापर्यंत बारीक रेघ असते. त्या रेघेवर सुरी फिरवायची आणि दोन्ही अर्धुकं उलट दिशांना पिळायची. पिकलेलं फळ असेल तर बी आपोआप सुटून येते. डागाळलेला भाग तेवढा काढायचा. साल काढायची नाही, तिच्यातच रंग आणि आंबटपणा असतो. सासूबाई पाटावर बसून हे करू लागल्या. दोन-चार फळांनंतर त्यांचा हात असा चालू लागला की मी नुसती पाहत राहिले. मग त्या एकदम थांबल्या. बी हातात धरून म्हणाल्या, "हे आंब्याच्या जातीचं तर नव्हे ना? रंग तसाच, आत कोय तशीच."

मी म्हटलं, "नाही, आई. खुमानी, आडू, आलुबुखार, चेरी, बदाम ही सगळी एकमेकांची भावंडं आणि गुलाबाच्या कुळातली. आंब्याचा त्यांच्याशी संबंध नाही." एवढं सांगून मला थांबता आलं असतं. पण एकदा लपवून झालं होतं. "काजू मात्र आंब्याच्या कुळातला," मी म्हटलं. "काजू आणि बिब्बासुद्धा."

आता ही कोकणातली बाई काजूही सोडते की काय, या भीतीनं मी त्यांच्याकडे पाहत होते. त्यांनी जरा विचार केला. "मी फळ सोडलंय," म्हणाल्या, "कूळ नाही." आणि पुढची खुमानी घेतली.

इजांना हे मराठी कळलं नाही, पण त्यांनी माझा चेहरा पाहिला असावा. "मैं मलाई लाती हूँ," म्हणून त्या उठून गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत.

सासूबाई खाली पाहत बोलू लागल्या. "आढी लावून गेले ते. तुला आठवत असेल, दोन पेट्या आल्या होत्या. सोमवारी लावली, बुधवारी ते गेले. त्या खोलीत पुढे कोण जातंय? माणसं येताहेत, जाताहेत. तेराव्याला तुम्ही सगळे पुढच्या खोलीत होतात, मी पाट काढायला मागची खोली उघडली." मग काही वेळ नुसता सुरीचा आवाज. "सगळ्या पेंढ्याला पाणी सुटलं होतं. तो वास माझ्या नाकातून जाईना. गयेहून आले तरी जाईना. लोकांना वाटलं आवडीचं सोडलं, पुण्य केलं. मला तो नाकाशी धरवत नव्हता, म्हणून सोडला. देवाला फसवलंच म्हण."

मी त्या घरात होते. तेरा दिवस त्या खोलीच्या दारावरून ये-जा करत होते. आढी मला एकदाही आठवली नव्हती, आणि पेंढा कुणी कधी टाकला हेही मी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "आई, त्या शिऱ्याचं..."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "अंगात काही राहीना म्हणून केलंस. पण विचारायचं होतंस."

"चुकलं माझं."

"तूप किती घालायचं ते बघ आता."

तूप दोन मोठे चमचे, सुमारे एक किलो फळाला. ते पातळ झालं की अर्धुकं कापलेली बाजू खाली करून एकेरी थरात लावायची. गर्दी केली की ती परतली न जाता नुसती शिजतात, म्हणून आम्ही दोन घाणे केले. गॅस मध्यम. दोन-तीन मिनिटं हात लावायचा नाही. कडा तांबूस झाल्या, तुपाला केशरी रंग आला की हलकेच उलटायची. साखर कधी घालायची यावर मी आणि इजा पुढे अनेकदा भांडलो आणि दोघींचंही बरोबर होतं. साखर लवकर घातली तर फोडी आकार धरून राहतात. उशिरा घातली तर आधी फळ विरघळतं आणि दाट पाक तयार होतो. त्या दिवशीची फळं गारांनी फुटलेलीच होती, त्यामुळे आकाराचा प्रश्न नव्हता. किलोला पाऊण वाटी साखर पुरली. एक ध्यानात ठेवा, खुमानी कच्ची खाताना जेवढी आंबट लागते त्याहून गरम केल्यावर जास्त लागते, तेव्हा साखर आधी बेतानं घालून चाखून वाढवावी. चिमटीभर मीठ. पाणी एक थेंब नाही. झाकण ठेवून पाच मिनिटं, झालं.

मी सवयीनं वेलदोड्याच्या डबीकडे हात नेला. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे. फळाचा वास येऊ दे." मग पातेल्यावर वाकून त्यांनी तो वास घेतला. कितीतरी वेळ घेतला. "वेगळा आहे," म्हणाल्या.

संध्याकाळी गारांमुळे हवा इतकी गार झाली की जून महिन्यात स्वेटर काढावे लागले. वाटीत वाफाळती खुमानी आणि वर इजांनी आणलेली थंड साय. साय वाटीत घ्यायची ती खायच्या क्षणी, आणि ढवळायची नाही. आमच्या फाटलेल्या दुधाचा धडा ताजा होता. गरम-आंबट पाकाच्या कडेला ती हळूहळू वितळते. लेकीनं दोन वाट्या खाल्ल्या. ह्यांनी विचारलं, "हे काय आहे?" मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "खुमानी, तूप, साखर, मीठ. दुसरं काही नाही. मी उभी होते." आणि त्यांनी आपली वाटी पुढे केली, आणखी वाढ म्हणून.

उरलेल्या बिया लेकीनं गोळा केल्या होत्या आणि दगड शोधत होती. इजांनी तिला अडवलं. या बियांतले बदाम गोड आणि कडू अशा दोन्ही जातींचे असतात. कडूत जो अंश असतो त्यापासून पोटात सायनाइडसारखं जहाल विष तयार होतं, तेव्हा मुलांच्या हाती त्या अजिबात देऊ नयेत. पहाडात कडू बियांचं तेल काढतात आणि दुखऱ्या सांध्यांना चोळतात. पुढे थंडीत इजांनी त्याची एक बाटली सासूबाईंना दिली. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती, पण गुडघ्यांविषयी त्या तासन्‌तास बोलत.

त्या वर्षी पाऊस लागेपर्यंत आणि लागल्यावरही आमच्याकडे हे गोड आठवड्यातून दोनदा होऊ लागलं. खुमानी संपल्या तेव्हा आडू आले. आडूची साल जाड आणि लवदार, ती काढलेलीच बरी. उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून गार पाण्यात टाकला की साल कपड्यासारखी निघते. आलुबुखाराला फार पाणी सुटतं. त्याचा पाक लालभडक होतो, पण सालीचा आंबटपणा दात आंबवतो, त्याला साखर जास्त लागते आणि झाकण लागत नाही. माझं मत विचाराल तर तिघांत खुमानीच पहिली. आडू तुपात गुळमट होतो आणि आलुबुखार हट्टीच राहतो.

तुमच्याकडे ताजी खुमानी मिळत नसेल तर अडून राहू नका. जून-जुलैत हिमाचलातले आडू आणि आलुबुखार आता मोठ्या शहरांच्या मंडईत येतात. एरवी जर्दाळू आहेतच. बिया काढून रात्रभर बुडतील एवढ्याच कोमट पाण्यात भिजत घालायचे आणि त्याच पाण्यात मऊ शिजवायचे. हैदराबादेत लग्नाच्या जेवणात मिळणारा 'खुबानी का मीठा' याच वाटेनं जातो आणि त्याच्यावरही मलईच असते. जर्दाळू घेताना चमकदार केशरी रंगाला भुलू नका. तो रंग गंधकाची धुरी दिल्यानं टिकलेला असतो. काळपट तपकिरी, सुरकुतलेला जर्दाळू चवीला कितीतरी खोल असतो.

आम्ही राणीखेत १९९७ च्या मार्चमध्ये सोडलं. झाड पुन्हा फुललं होतं. सासूबाईंनी रुमालात सात बिया बांधून आणल्या आणि पुण्याच्या गच्चीत कुंडीत लावल्या. मी सांगून पाहिलं की या झाडाला कडक थंडी लागते, त्याशिवाय ते फुलत-फळत नाही. "बघू तर," म्हणाल्या. काही उगवलं नाही.

त्या मे महिन्यात मामांकडून दोन पेट्या आल्या. मधल्या वर्षांत आम्ही नव्हतो, म्हणून आल्या नव्हत्या. हे ऑफिसात, आणि मी पेट्यांकडे पाहत दारात उभी. कुठे ठेवायच्या, कशा ठेवायच्या, विचारायचं की नाही. सासूबाई आंघोळ करून आल्या. "पेंढा पसर," म्हणाल्या, "मागच्या खोलीत. खिडकी उघडी ठेव."

आढी त्यांनी स्वतः लावली. त्या दिवसापासून रोज सकाळी त्या खोलीत जायच्या, एकेक आंबा उचलून नाकाशी धरायच्या आणि जागा बदलून ठेवायच्या. खाल्ला मात्र नाही, तेव्हाही नाही आणि पुढे २००६ मध्ये त्या जाईपर्यंत कधीच नाही. गयेला दिलेला शब्द तो शब्द.

चौथ्या का पाचव्या दिवशी त्या एक आंबा घेऊन स्वयंपाकघरात आल्या. एका बाजूला रुपयाएवढा डाग होता.

"हा उद्यापर्यंत राहणार नाही," म्हणाल्या. "डाग काढ आणि खुमानीसारखा तुपात परत. पोरीला दे. वेलदोडा घालू नकोस."

मी गॅस पेटवला. त्या पाट ओढून शेजारी बसल्या.